'विरूबाईंच्या मृत्यूनंतर' : राजगृहातील सेविकेचे चरित्र आणि मराठी इतिहासकथन

१

मराठ्यांच्या इतिहासात १७४० हे साल दोन मृत्यूंसाठी लक्षात ठेवले जाते. २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडी येथे थोरल्या बाजीरावांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी आप्पांचे. डिसेंबरच्या त्याच महिन्यात तिसराही एक मृत्यू झाला. शाहू छत्रपतींच्या खासगीचा कारभार पाहणाऱ्या विरूबाई गेल्या. पहिल्या दोन मृत्यूंभोवती इतिहासकारांनी प्रकरणे रचली, कारकिर्दींचा ताळेबंद मांडला, गुणदोषांची चर्चा केली. तिसऱ्या मृत्यूच्या वाट्याला बहुधा एक उपवाक्य आले : 'विरूबाईच्या मृत्यूनंतर'. या उपवाक्याच्या पुढे मुख्य वाक्य येते ते दुसऱ्याच कोणाचे. शाहू खिन्न झाले. सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्यांमधील तेढ चव्हाट्यावर आली. खासगीची घडी विस्कटली. दत्तकाच्या प्रश्नाने पेट घेतला. विरूबाई या वाक्यांत कर्त्याच्या जागी नसतात. त्यांचे नसणे हेच त्या वाक्यांचे कारण असते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे उपवाक्य आहे. एखाद्या व्यक्तीच्या जगण्याचा पुरावा तिच्या मरणाच्या परिणामांतूनच द्यावा लागत असेल, तर तो केवळ साधनांच्या तुटपुंजेपणाचा प्रश्न राहत नाही. तो कथनपद्धतीचा प्रश्न होतो. राजगृहात सेवेला असलेल्या स्त्रीचे आयुष्य मराठी इतिहासलेखनाने आणि त्यावर पोसलेल्या ऐतिहासिक कादंबरीने कोणत्या साच्यांत बसवले, त्या साच्यांनी काय दाखवले आणि काय झाकले, आणि त्यांच्याबाहेर असे चरित्र लिहिता येईल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विरूबाईंविषयी जे निश्चितपणे सांगता येते ते थोडे आहे, पण क्षुल्लक नाही. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि बालशाहू मोगलांच्या हाती गेले. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहूंची सुटका झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. छावणीतील कैदेच्या काळातच विरूबाई त्यांच्या गृहस्थितीचा भाग झाल्या होत्या. पुढे साताऱ्यात सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्या आल्या. 'थोरली धनीण' व 'धाकटी धनीण' अशी त्यांची नावे कागदोपत्री रूढ झाली. या दोघींच्या वर नव्हे आणि खालीही नव्हे, अशा एका बिननावाच्या जागी विरूबाई मृत्यूपर्यंत राहिल्या. त्यांचा शाहूंशी विवाह झालेला नव्हता, तरी वाड्यातील त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारात छत्रपती, पेशवे, आंग्रे यांच्याबरोबर त्यांचेही नाव येते. म्हणजे त्यांचे अस्तित्व वाड्याच्या चार भिंतींपुरते नव्हते. बाहेरच्या माणसांनाही दखल घ्यावी लागावी असे ते होते.

२

या जागेला नाव नसणे ही पहिली अडचण आहे. विरूबाईंसाठी मराठीत कधी 'दासी' हा शब्द वापरला गेला, कधी 'राख', कधी 'उपस्त्री'. यांपैकी प्रत्येक शब्द एक स्वतंत्र कथा आधीच सांगून टाकतो. 'दासी' म्हटले की आयुष्याचा आरंभबिंदू कळतो, पण तीस-पस्तीस वर्षांचा कारभार त्या शब्दात मावत नाही. 'राख' म्हटले की सगळे आयुष्य एका शय्यागृहाशी बांधले जाते. 'उपस्त्री' हा शब्द सभ्य आहे, पण तो स्त्रीचे स्थान विवाहितेच्या तुलनेतच मोजतो. तिन्ही शब्द विरूबाई कोणाच्या होत्या ते सांगतात; त्या काय करीत होत्या ते एकही सांगत नाही. पुरुषांच्या बाबतीत मराठ्यांची राजभाषा याच्या नेमकी उलट वागते. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखाननीस, मुजुमदार ही सारी कामांची नावे आहेत. ती इतकी घट्ट झाली की पुढे त्यांची आडनावे बनली. कामाचे नाव पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचते, आणि त्याबरोबर तो माणूसही.

शिवकालीन राज्यव्यवस्थेतील 'बारा महाल' आणि 'अठरा कारखाने' यांच्या याद्या प्रसिद्ध आहेत. बारा महालांत पोते, कोठी, पागा, टांकसाळ यांच्याबरोबर 'दरुनी' हाही एक महाल येतो. दरुनी म्हणजे आतले, राणीवशाचे खाते. याचा अर्थ राजगृहाच्या आतील व्यवहार हा भावनांचा नव्हे तर राज्यव्यवस्थेचा भाग आहे, याची जाणीव त्या व्यवस्थेला होती. तेथे धान्य, कापड, दागिने, औषधे, माणसे यांची ये-जा होती, सणवार आणि बाळंतपणे होती, मानापमान होते. खाते यादीत आहे. ते आतून सांभाळणाऱ्या स्त्रीसाठी मात्र त्या यादीत पदनाम नाही. विरूबाईंचे चरित्र लिहू पाहणाऱ्याच्या हाती म्हणून एक विभाग येतो आणि त्यात बसवण्यासाठी एक व्यक्ती येते. दोघांना जोडणारा शब्द येत नाही.

दुसरी अडचण मराठी व्याकरणाची आहे, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या इतिहासकाराला राणी आणि दासी या दोघींसाठी एकच सर्वनाम पुरते. मराठी वाक्याला क्रियापद द्यायचे तर आधी दर्जा ठरवावा लागतो. राणी 'आल्या', दासी 'आली'. जुन्या ग्रंथांतून येसूबाई, ताराबाई 'त्या' होतात आणि विरूबाई बहुधा 'ती' राहतात. लेखकाने कोणताही निवाडा द्यायचा नाही असे ठरवले तरी क्रियापद तो देऊन जाते. विरूबाईंची सत्ता मान्य करणारा परिच्छेदही प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांना पुन्हा दासीच्या जागी नेऊन बसवतो. येथे शाहूंसाठी, राण्यांसाठी आणि विरूबाईंसाठी एकच आदरार्थी रूप योजले आहे, ते सौजन्य म्हणून नव्हे. दर्जाचा प्रश्न क्रियापदाने परस्पर सोडवू नये, तो चर्चेसाठी उघडा राहावा, एवढ्यासाठी.

३

विरूबाईंच्या आयुष्यातील एकच प्रसंग कथा म्हणून रंगवून सांगितला जातो. तो त्यांच्या साताऱ्यातील कारभाराचा नाही. त्याच्याही आधीचा, छावणीतला आहे. कैदेत असतानाच शाहूंचे लग्न झाले. बादशहाने नववधूला पाहण्याची इच्छा दर्शविली. राजस्त्रीला बादशहासमोर नेणे हा कुळाला कमीपणा, आणि नाही म्हणणे हा धोका. तेव्हा राणीऐवजी विरूबाईंना वस्त्रालंकारांनी सजवून बादशहासमोर नेण्यात आले. बादशहाने त्यांना सून म्हणून पाहिले. म्हणून शाहूंनीही पुढे जन्मभर त्यांना पत्नीसारखे मानले. साताऱ्याच्या बखर-परंपरेतून आलेली ही कथा पुढे इतिहासग्रंथांतही शिरली.

ही कथा खरी की खोटी याची चर्चा इतिहासकारांनी करावी. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे : ही कथा कोणते काम करते? विवाहित नसलेली, कुळाचे पाठबळ नसलेली एक स्त्री छत्रपतींच्या घरात इतकी प्रबळ कशी, हा प्रश्न साताऱ्यातल्या माणसांना पडलाच असणार. कथा त्या प्रश्नाचे उत्तर देते. विरूबाईंची सत्ता त्यांच्या शहाणपणातून, हिशोबातून किंवा माणसे सांभाळण्याच्या कौशल्यातून आली असे ती म्हणत नाही. एका दिवसाच्या बदलीतून आली, असे म्हणते. त्या दिवशी त्यांनी राणीची जागा घेतली, आणि मग ती जागा त्यांना चिकटली. राणीची अब्रू वाचावी म्हणून दासीची अब्रू पुढे करण्यात आली, ही कथेतील खरी कठोर गोष्ट. तिच्यावर निवेदक क्षणभरही थांबत नाही. विरूबाईंना विचारले गेले होते काय, त्या बादशाही तंबूकडे जाताना काय वाटले असेल, हे प्रश्न कथेच्या कक्षेबाहेर आहेत. कथेची नजर शाहूंच्या कृतज्ञतेवर आहे.

येथे शाहूंविषयीच्या इतर दोन प्रसिद्ध कथा शेजारी ठेवल्या म्हणजे साचा स्पष्ट होतो. पहिली पारद गावची. १७०७ मध्ये दक्षिणेत परतताना तेथील लढाईनंतर लोखंडे पाटलांच्या विधवेने आपले मूल शाहूंच्या पायाशी घातले. शाहूंनी त्याला फत्तेसिंह असे नाव दिले, भोसले कुळाचे आडनाव दिले, आणि त्यातून अक्कलकोटचे घराणे उभे राहिले. दुसरी खंड्या कुत्र्याची. शिकारीत या कुत्र्याने वाघापासून शाहूंचा जीव वाचवला, म्हणून शाहूंनी त्याला पालखीचा मान दिला. त्याची समाधी म्हणून संगम माहुलीला एक समाधी आजही दाखवतात. तिन्ही कथांचा सांगाडा एकच आहे. एक संकटाचा क्षण, कोणाचे तरी समर्पण, आणि मग राजाचे आयुष्यभराचे देणे. याला दात्याचे कथानक म्हणता येईल. त्यात घेणारा कोण, माणूस की जनावर, मूल की प्रौढ स्त्री, याने रचनेत फरक पडत नाही. ती शाहूंच्या उदार आणि ऋजु स्वभावाची उदाहरणे आहेत, आणि त्या दृष्टीने ती बोलकीही आहेत. पण तीस-पस्तीस वर्षे राजगृह चालवणाऱ्या स्त्रीचे चरित्र राजाच्या लोभाचा दाखला म्हणून सांगितले, की ते इमानी कुत्र्याच्या कथेशेजारी जाऊन बसते. निवेदकाच्या मनात अवमान नसतो. तो रचनेतच असतो.

फत्तेसिंहांचा संबंध विरूबाईंशी आणखी एका प्रकारे येतो. त्यांनी या मुलाला पुत्रवत वाढवले आणि त्यांचे उत्तरकार्य फत्तेसिंहांनी केले, असे परंपरा सांगते. हा तपशील दात्याच्या कथानकात बसत नाही, म्हणून तो विशेष मोलाचा आहे. पायाशी घातलेले मूल राजाने स्वीकारले, हे एका वाक्यात सांगून होते. त्या मुलाला न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे, वाड्याची रीत शिकवणे, आजारात त्याच्या उशाशी बसणे याला वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणाची तरी असतात. पारदची कथा शाहूंची आहे. तिचा उत्तरार्ध विरूबाईंचा आहे, आणि तो सांगितला गेलेला नाही.

४

इतिहासकाराला पुराव्याची मर्यादा असते, कादंबरीकाराला ती तेवढी नसते. त्यामुळे इतिहासाने सोडलेल्या या रिकाम्या जागा मराठी ऐतिहासिक कादंबरीने भरल्या असतील अशी अपेक्षा करता येते. ती कितपत पुरी झाली हे पाहण्यासाठी सेविकेचेच, पण अधिक भाग्यवान ठरलेले एक उदाहरण घेता येईल. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बिघडलेली होती. कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ यांना दूधआई म्हणून आणण्यात आले. त्यांना सालीना २६ होनांची नेमणूक करून दिली होती, असे सांगितले जाते. त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून पुढे त्यांच्या सेवेत आले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई गेल्या तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते.

शिवाजी सावंत यांच्या 'छावा' (१९७९) या कादंबरीने धाराऊंना महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवले, हे श्रेय निर्विवाद आहे. आईविना वाढणाऱ्या राजपुत्राभोवती मायेचे वलय उभे करण्याचे काम कादंबरीने या पात्राकडे सोपवले आहे, आणि ते काम हे पात्र समर्थपणे करते. प्रश्न त्या मायेच्या खरेखोटेपणाचा नाही. प्रश्न असा की, या मायेखेरीज धाराऊंना काय उरते? राजपुत्राला पाजण्यासाठी आलेल्या स्त्रीच्या अंगावर दूध असते याचा अर्थ तिचे स्वतःचे पोरही लहान असते. तिचे घर, शेत, नवरा कापूरहोळात असतो. गडावर ती कोणाच्या परवानगीने राहते, केव्हा परत जाते, ते २६ होन कोणाच्या हाती पडतात? ही सारी कादंबरीची सामग्री आहे, आणि 'छावा'सारख्या विस्तृत कादंबरीतही तिचा भर त्यावर नाही. मेहनतान्याचे रूपांतर वात्सल्यात होते. धाराऊंच्या बाजूने पाहिले तर गडावर येणे ही नेमणूक होती. कादंबरीच्या बाजूने पाहिले तर ते मातृत्व आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, पण मग दोन्ही एकाच वेळी दाखवावे लागते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीत राजगृहातील स्त्रीला सामान्यतः तीनच वाटा मोकळ्या असतात. ती माउली असते, प्रेयसी असते किंवा कारस्थानी असते. सोयराबाईंना बखरींनी आणि त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या नाटकांनी तिसऱ्या वाटेवर ढकलले. त्या प्रतिमेची झीज व्हायला कमल गोखले यांच्यासारख्या अभ्यासकांचे परिश्रम लागले. धाराऊ पहिल्या वाटेवर आहेत. विरूबाई तिन्ही वाटांवर नीट चालत नाहीत. त्यांना औरस पुत्र नाही, म्हणून त्या माउली नाहीत. शाहूंशी त्यांचे नाते तरुणपणाच्या झंझावाताचे नाही, दीर्घ सहवासाचे आहे. मस्तानीप्रमाणे त्यांच्यामुळे घराण्यात वादळ उठले नाही. आणि वारसाच्या राजकारणात त्या कोणाविरुद्ध उभ्या राहिल्या असेही दिसत नाही. ज्या स्त्रीमुळे घरात भांडण झाले नाही तिची कादंबरी कशी लिहायची, हे आपल्या कादंबरीला अजून उमगलेले नाही.

५

अशा आयुष्याचे चरित्र लिहिता येते काय, या प्रश्नाला दुसऱ्या एका राजदरबाराने दिलेले उत्तर येथे तपासून पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ट्यूडर राजघराण्याच्या सेवेत असलेल्या ब्लांश पॅरी या वेल्श सरहद्दीवरील बड्या घराण्यातल्या. एलिझाबेथ राणीच्या अगदी लहानपणापासून १५९० मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या तिच्या सेवेत राहिल्या. लग्न केले नाही. राणीच्या खासगी दालनातील प्रमुख सेविकेचे पद १५६५ पासून त्यांच्याकडे होते. राणीचे जवाहीर आणि ग्रंथ त्यांच्या ताब्यात असत. दर नववर्षाला राणीला मिळणाऱ्या भेटींच्या याद्या ठेवल्या जात, आणि कोणती वस्तू कोणाच्या स्वाधीन केली याची नोंद त्यांत असे. ब्लांश पॅरी यांचे नाव तेथे येते. हेरेफर्डशरमधील बॅक्टन या खेड्यातल्या चर्चमध्ये त्यांनी हयातीतच आपले स्मारक उभारून घेतले. त्यात राणीच्या मूर्तीशेजारी त्या स्वतः गुडघे टेकून आहेत. २००७ मध्ये त्यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ मध्ये त्याच चर्चमधील एक जुने भरतकामाचे वेदीवस्त्र अभ्यासकांच्या नजरेत भरले, आणि ते एलिझाबेथच्या पोशाखातून बेतलेले असावे असे मत मांडले गेले. सेविकेच्या गावाने राणीचे वस्त्र जपले आणि त्यामुळे सेविकेकडे पुन्हा लक्ष गेले.

या तुलनेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, ब्लांश पॅरी यांचे चरित्र शक्य झाले ते पदनामामुळे आणि याद्यांमुळे. त्यांच्या अंतरंगाविषयी फारसे काही उपलब्ध नसतानाही, त्यांच्या हातांतून काय गेले यावरून त्यांचे आयुष्य उभे करता आले. दुसरी गोष्ट पहिलीला मर्यादा घालणारी आहे. त्याच दरबारात जेन बोलिन, म्हणजे लेडी रॉचफर्ड, या एकामागून एक राण्यांच्या सेवेत होत्या. १५३६ मध्ये त्यांचे पती जॉर्ज आणि नणंद ॲन बोलिन राणी यांचा शिरच्छेद झाला. १३ फेब्रुवारी १५४२ रोजी कॅथरिन हॉवर्ड राणीबरोबर स्वतः लेडी रॉचफर्ड यांचाही. नंतरच्या शतकांनी त्यांना पतीविरुद्ध खोटी साक्ष देणारी मत्सरी स्त्री म्हणून रंगवले. २००७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्राने त्या चित्राला किती क्षीण आधार आहे हे दाखवून दिले. म्हणजे दप्तर भरलेले असले तरी कारस्थानी स्त्रीचा साचा चालतोच. याद्या पुरावा देतात. तो कसा वाचायचा हे मात्र याद्यांच्या हाती नसते. साताऱ्याला असे दप्तर असते तर सारे ठीक झाले असते, असे मानणे म्हणून भाबडेपणाचे होईल.

६

मग विरूबाईंचे चरित्र कसे लिहावे? पहिली पायरी म्हणजे 'विरूबाईंच्या मृत्यूनंतर' हे उपवाक्य उलटे वाचणे. त्यांच्या मृत्यूनंतर राण्यांतील तेढ उघडी पडली, याचा अर्थ त्याआधी तीन दशके ती कोणीतरी आवरून धरली होती. दोन धनिणींच्या दोन स्वतंत्र परिवारांत, नोकरचाकरांत, देवघरांत आणि खर्चाच्या मागण्यांत समतोल राखणे हे रोजचे काम असते. ते यशस्वी होते तेव्हा काहीच घडत नाही, आणि जे घडत नाही त्याची बखर होत नाही. १७४० नंतरची नऊ वर्षे ही त्या कामाची उशिरा मिळालेली मोजदाद आहे. १७४८ मध्ये सगुणाबाई गेल्या. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहूंचे निधन झाले आणि सकवारबाई सती गेल्या. त्यामागे पेशव्यांचा दबाव किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. रामराजांच्या दत्तविधानाने नवे कलह उभे राहिले आणि राज्याचे केंद्र साताऱ्याहून पुण्याकडे सरकले. या सगळ्याचे कारण एका स्त्रीचा मृत्यू होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. शाहूंचे वाढते आजारपण, औरस पुत्राचा अभाव आणि पेशव्यांचे वाढलेले बळ ही कारणे मोठी आहेत. पण अंतर्गृहाचा कारभार हा राज्यकारभाराचा भाग होता, आणि तो कोसळण्याची किंमत राज्याने मोजली, एवढे म्हणण्यास आधार आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांत शाहूंच्या आणि पेशव्यांच्या खासगी जीवनाला वेगळा खंड द्यावासा वाटला. पण 'खासगी' हा शब्द त्या काळी आज आपण समजतो त्या अर्थाने व्यक्तिगत नव्हता. खासगी हे खाते होते, त्याला उत्पन्न आणि खर्च होता. खासगी म्हणून वेगळे काढलेले हे कागद राजकीय कागदांइतक्याच गांभीर्याने वाचणे, ही दुसरी पायरी.

तिसरी पायरी अधिक अवघड आहे, कारण ती नव्या उदात्तीकरणापासून सावध राहण्याची आहे. उपेक्षित स्त्रीला इतिहासाने न्याय दिला नाही, म्हणून तिला नायिका करणे हा स्त्रीवादी समीक्षेचा हेतू असू शकत नाही. अठराव्या शतकातील मराठी राजगृह आणि सरदारांचे वाडे कुणबिणींच्या श्रमांवर चालत. या स्त्रिया विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस दिल्या जात. कोठीत, पागेत, मुदपाकखान्यात राबत. त्यांच्या किमतींच्या नोंदी दप्तरांत सापडतात. ज्या घराची घडी विरूबाईंनी बसवली त्या घराच्या तळाशी हा वर्ग होता. सेवेतून वर आलेली स्त्री सेवेतच राहिलेल्या स्त्रियांवर सत्ता चालवीत होती. त्यांच्याशी विरूबाई कशा वागल्या हे ठाऊक नसताना त्यांना करुणामूर्ती ठरवणे जितके चूक, तितकेच कठोर मालकीण ठरवणेही चूक. पण हा प्रश्नच न विचारता लिहिलेले विरूबाईंचे चरित्र पुन्हा दात्याचे कथानकच होईल. फक्त दात्याच्या जागी शाहूंऐवजी विरूबाई येतील.

ब्लांश पॅरींना पद होते, याद्या होत्या, स्वतः उभारून घेतलेले स्मारक होते. धाराऊंना २६ होनांचा एक आकडा आहे आणि दोन मुलांची नावे आहेत. विरूबाईंना शाहूंचा लोभ आहे, एका दिवसाची बदलीची कथा आहे आणि मृत्यूनंतरचे एक उपवाक्य आहे. या तीन गोष्टींवर चरित्र उभे राहत नाही हे खरे. पण त्या कशा सांगितल्या गेल्या याचा इतिहास लिहिता येतो, आणि चरित्राआधी तो लिहिला गेला पाहिजे. बादशहासमोर गेलेल्या त्या स्त्रीची कथा पुढच्या वेळी सांगताना शाहूंनी काय दिले येथे न संपवता, तेथून परत आल्यावर छावणीतल्या त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीच्या किल्ल्या कोणाच्या हाती होत्या येथून सुरू करावी. त्या वाक्याचा कर्ता शाहू असणार नाहीत.